‘ज्यूलियस सीझर’ : आमच्या मनातला एक बोलपट



निघालेल्या चित्रपटांवर बोलणारे पुष्कळ आहेत. न निघालेल्या चित्रपटावर तासभर बोलण्याची मुभा व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला दिली, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत. शेक्सपिअरचे ‘ज्यूलियस सीझर’ हे नाटक आज आपल्या सर्वांच्या समक्ष आम्ही मनातल्या मनात पडद्यावर आणणार आहोत. या धंद्याला भांडवल लागत नाही, नटांच्या तारखा सांभाळाव्या लागत नाहीत, आणि चित्रपट पडला तरी कोणाचे घर सावकाराकडे जात नाही. मात्र एका अडचणीतून या मनातल्या निर्मात्याचीही सुटका नाही. कॅमेरा कुठे ठेवायचा, हे त्याला ठरवावेच लागते. नाटक वाचताना आपण एकाच वेळी सगळीकडे असतो. नाट्यगृहात बसलेला प्रेक्षकही आपल्या मर्जीप्रमाणे या पात्राकडून त्या पात्राकडे नजर फिरवतो. चित्रपटात दुसऱ्याने दाखवले तेच पाहायचे. म्हणून एखाद्या नाटकाविषयी आपले खरे मत कोणते हे तपासायचे असेल, तर त्याचा चित्रपट मनात काढून पाहावा असे आम्ही म्हणतो. सगळ्याच पात्रांविषयी आम्हांला सहानुभूती आहे, ही वाचकाची सोयीची पळवाट तिथे बंद होते.

हे नाटक कधी प्रथम झाले याचा एक चांगला पुरावा उपलब्ध आहे. थॉमस प्लॅटर नावाचा स्वित्झर्लंडमधला एक प्रवासी १५९९ साली लंडनला आला होता. २१ सप्टेंबर रोजी दुपारचे जेवण आटोपून तो टेम्सच्या पलीकडे गेला आणि गवताने शाकारलेल्या एका नाट्यगृहात त्याने ज्यूलियस सीझरची शोकांतिका पाहिली, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्याला कौतुक वाटले ते शेवटच्या नाचाचे! नाटक संपल्यावर दोन नट पुरुषवेषात आणि दोन स्त्रीवेषात येऊन फार नजाकतीने नाचले, म्हणे. ब्रूटस आत्महत्या करून पडला आहे आणि लगेच नाच सुरू. आमच्या चित्रपटात नाच नाही हे निर्मात्यांनी आधीच ऐकून ठेवावे.

या नाटकाची घडण मोठी विचित्र आहे. ज्याच्या नावाने ते ओळखले जाते तो सीझर तिसऱ्या अंकाच्या पहिल्याच प्रवेशात मारला जातो. त्याच्या तोंडी दीडशेच्या आसपास ओळी आहेत. ब्रूटसच्या तोंडी सातशेच्या वर. तेव्हा नायक कोण, सीझर की ब्रूटस, यावर पंडितांचे वाद पिढ्यान्‌पिढ्या चालले. आम्हांला त्या वादात रस नाही. कॅमेरा हातात घेऊन नाटक पुन्हा वाचले तेव्हा आम्हांला वेगळेच दिसले. नाटकाचा पडदा उघडतो तो रस्त्यावरच्या गर्दीवर. मधल्या प्रत्येक वळणाला ती गर्दी कुठेतरी ओरडत असते. आणि ज्या दोन भाषणांनी रोमचे भवितव्य फिरते, ती तिच्यापुढेच होतात. आमचा कॅमेरा त्या गर्दीत राहील. सीनेटरांच्या सज्जात तो शक्य तेवढा कमी जाईल.

आता पोशाखाचा प्रश्न. हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण गेली नव्वद वर्षे या नाटकाच्या दिग्दर्शकांना त्याने झपाटले आहे. १९३७ साली न्यूयॉर्कमध्ये ऑर्सन वेल्सने आपल्या मर्क्युरी थिएटरच्या रंगमंचावर हे नाटक आधुनिक कपड्यांत केले. सीझर आणि त्याचे लोक मुसोलिनीच्या माणसांसारखे दिसत होते. त्या काळी ते धाडस होते आणि ते गाजले. २०१२ साली ग्रेगरी डोरन यांनी रॉयल शेक्सपिअर कंपनीसाठी ते आफ्रिकेतल्या एका आधुनिक राष्ट्रात नेले. २०१७ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या प्रयोगात सीझर हुबेहूब तेव्हाच्या अमेरिकन राष्ट्राध्यक्षांसारखा उभा केला गेला. त्यावरून एवढे रण माजले की काही बड्या कंपन्यांनी आपला आश्रय काढून घेतला आणि प्रयोग चालू असताना लोक रंगमंचावर धावून गेले.

आम्ही या मोहात पडणार नाही. त्याचे कारण भीती हे नव्हे. सीझरला जिवंत पुढाऱ्याचा चेहरा दिला की प्रेक्षक तिकीट काढतानाच पक्ष ठरवून येतो. मग अँटनी बोलायला उभा राहिला तरी त्याचे कान उघडे राहत नाहीत. हे नाटक तर उघड्या कानांच्या माणसांचे काय होते याचे आहे. म्हणून आमचे रोम जुनेच राहील. पण हॉलिवुडने दाखवलेले पांढऱ्या शुभ्र संगमरवराचे रोम आम्हांला नको. त्या काळचे पुतळे रंगवलेले असत आणि सामान्य माणसे बहुमजली भाड्याच्या इमारतींत दाटीवाटीने राहत. वरच्या मजल्यावर पाणी नाही, आग लागली की वाट नाही, आणि भाडे मात्र वेळेवर. गिरगावच्या चाळीत बालपण घालवलेल्या माणसाला ते रोम समजावून सांगायला नको.

त्या रोममधला एक मोची हा आमच्या चित्रपटाचा धागा. शेक्सपिअरने त्याला पहिल्या प्रवेशात आणले आहे आणि पुढे त्याचे नाव काढलेले नाही. आम्ही त्याला सोडणार नाही. सुटीचा दिवस आहे, सीझर विजयी होऊन येतो आहे, आणि कामाचे कपडे टाकून लोक रस्त्यावर आले आहेत. दोन लोकप्रतिनिधी त्यांना हटकतात. हा मोची त्यांना श्लेषांवर श्लेष ऐकवून बेजार करतो. आपण झिजलेले तळ दुरुस्त करणारे आहोत, आरीवर आपले पोट आहे, अशा अर्थाचे त्याचे बोलणे आहे. मग मारुलस खवळतो. कालपरवापर्यंत हेच लोक कडेवर पोरे घेऊन धुराड्यांपर्यंत चढून पाँपीला पाहायला बसत होते, आणि आज पाँपीच्या मुलांवर विजय मिळवणाऱ्याच्या वाटेवर फुले टाकायला निघाले, म्हणून तो त्यांना शिव्या घालतो. लोक मान खाली घालून निघून जातात. पुढे आपल्याला कळते की सीझरच्या पुतळ्यांवरच्या माळा काढल्याबद्दल या दोन प्रतिनिधींना गप्प करण्यात आले. कसे गप्प केले, ते नाटकात सांगितलेले नाही. कॅस्का जाता जाता एका वाक्यात ती बातमी देतो आणि ऐकणारा ब्रूटस तिच्यावर अक्षरही बोलत नाही. लोकसत्ताक राज्य वाचवायला निघालेल्या माणसाला, लोकांनी निवडलेले दोन प्रतिनिधी नाहीसे झाल्याचे विशेष वाटू नये, ही गोष्ट आम्ही पडद्यावर जपून ठेवणार आहोत.

यानंतरच्या प्रवेशात चित्रपटवाल्यांसाठी मोठा सापळा आहे. अँटनी सीझरला तीन वेळा मुकुट देऊ करतो आणि सीझर तीन वेळा तो परत सारतो. हा प्रसंग शेक्सपिअरने रंगमंचावर दाखवलेला नाही. ब्रूटस आणि कॅशियस एका बाजूला बोलत उभे आहेत आणि लोकांचे जयघोष दुरून येतात. कोणताही निर्माता म्हणेल, अहो, हजार माणसे उभी करा, मुकुट दाखवा! आम्ही म्हणतो, मुळीच नाही. आवाज भिंतीपलीकडून येऊ द्या. तो कशाचा आहे, हे ब्रूटसला ठाऊक नाही. लोक सीझरला राजा करत असावेत, असा तर्क तो करतो आणि त्या तर्कावर त्याचे मन कलू लागते. नंतर कॅस्का येऊन जे सांगतो ते अगदी निराळे आहे. सीझर प्रत्येक खेपेला मुकुट नाकारत होता, आणि तो नाकारत होता म्हणून लोक आनंदाने घामट टोप्या हवेत उडवत होते. म्हणजे लोकांना राजा नकोच होता, निदान त्या दुपारी. लोकांच्या गलक्याचा अर्थ न कळता त्यावर निर्णय घेणारी मोठी माणसे हा या नाटकाचा खरा विषय आहे, असे आम्हांला वाटू लागले ते इथे.

कट, वादळी रात्र, पोर्शियाचा प्रवेश, सीझरच्या बायकोचे स्वप्न, हे सगळे आपणांस माहीत आहे. त्यावर आम्ही वेळ घालवत नाही. ब्रूटस आणि पोर्शिया यांचा प्रवेश मात्र एका अंधाऱ्या खोलीत, कुठलीही करामत न करता घ्यावा. तिथे दोन चांगले नट असले म्हणजे दिग्दर्शकाने गप्प बसावे.

खून. इतिहासात तो इसवी सनापूर्वी ४४ सालच्या १५ मार्चला पाँपीने बांधलेल्या सभागृहात झाला. त्याचे अवशेष आजही रोममध्ये लार्गो अर्जेंटिना या चौकात रस्त्याच्या पातळीखाली दिसतात, आणि मांजरांनी ते आपलेसे केले आहेत. शेक्सपिअरने खून कॅपिटॉलमध्ये नेला. जुन्या ग्रंथकारांनी सांगितलेल्या तेवीस जखमांच्या त्याने तेहतीस केल्या. आम्ही जखमा मोजत बसणार नाही. संथ गतीचे चित्रण नाही, रक्ताचे फवारे नाहीत. आम्हांला दाखवायचा आहे तो खुनानंतरचा क्षण, जेव्हा या सुशिक्षित सभ्य माणसांच्या लक्षात येते की पुढे काय करायचे हे कोणी ठरवलेलेच नाही. एक जण स्वातंत्र्याचा पुकारा करायला सांगतो, दुसरा म्हणतो व्यासपीठाकडे चला. कॅशियस तर तिथेच बोलून जातो की हा प्रसंग अजून जन्माला न आलेल्या देशांत, अजून कोणी न बोललेल्या भाषांत पुन्हा पुन्हा रंगवला जाईल. हे भविष्य खरे ठरले. टांझानियाच्या ज्यूलियस न्येरेरे यांनी राष्ट्राचा कारभार सांभाळत हे नाटक स्वाहिलीत आणले आणि ते १९६३ साली प्रसिद्ध झाले. दक्षिण आफ्रिकेत रॉबेन बेटावर बंदिवानांनी शेक्सपिअरची एक प्रत आपापसांत फिरवली, आणि मंडेलांनी १९७७ साली तिच्यात सही केली ती याच नाटकातल्या एका उताऱ्याशेजारी. तो उतारा आहे सीझरचा. जुलमाशी लढणाऱ्या माणसाला ब्रूटसऐवजी सीझरचे शब्द जवळचे वाटले, हे आमच्या नायकवाल्या पंडितांनी ध्यानात घ्यावे.

आता आपण चौकात येतो. इथे आम्ही थांबणार आहोत, कारण हा चित्रपट काढण्याचे कारणच ही वीस मिनिटे आहेत.

ब्रूटस आधी बोलतो. तो गद्यात बोलतो. शेक्सपिअरच्या नाटकात थोर माणसे बहुधा पद्यात बोलतात. इथे थोर माणसाने जाणूनबुजून गद्य घेतले आहे. वाक्ये तोलून मापून, एकीला एक जोड. सीझरवर आपले प्रेम होते, पण रोमवर अधिक होते. कोणाला माझ्या कृत्याने इजा झाली असेल तर त्याने बोलावे, असे तो विचारतो. कोणाला नाही, असे उत्तर येते आणि तो समाधान पावतो. अगदी वकिली पद्धतीचे, प्रामाणिक भाषण. आणि यावर लोकांची प्रतिक्रिया काय? एक म्हणतो, याला वाजतगाजत घरी नेऊ. दुसरा म्हणतो, याचा पुतळा उभारू. तिसरा आनंदाने ओरडतो की यालाच सीझर करू!

श्रोतेहो, सगळे नाटक या आरोळीत आहे असे आम्ही मानतो, आणि रंगमंचावर ती गोंगाटात हरवते. सीझर नको म्हणून एका माणसाचा प्राण घेतला, त्याची कारणमीमांसा लोकांना समजावून सांगितली, आणि लोकांनी मनापासून जी बिदागी देऊ केली ती सीझरपणाची. अँटनीने अजून तोंड उघडलेले नाही. आमच्या चित्रपटात ही आरोळी तो मोची देईल. त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नसेल, लबाडी नसेल. एका भल्या माणसाचे चीज व्हावे एवढीच इच्छा असेल. आणि व्यासपीठावरच्या ब्रूटसला शब्द ऐकू जाणार नाहीत, फक्त जयघोष ऐकू जाईल. तो किंचित हसेल. मग लोकांना अँटनीचे बोलणे ऐकायला थांबायची विनंती करून तो स्वतः निघून जाईल. आपले भाषण झाले की पुढच्या वक्त्यासाठी न थांबता गाडी गाठणारे वक्ते आमच्याही पाहण्यात आहेत. पण त्यांच्या मागे राज्य बुडत नाही.

अँटनीच्या भाषणाबद्दल बोलायचे तर १९५३ सालचा जोसेफ मँकिविझ यांचा चित्रपट आठवलाच पाहिजे. मार्लन ब्रँडो अँटनी, जॉन गिलगुड कॅशियस, जेम्स मेसन ब्रूटस. कृष्णधवल चित्रण आणि निर्माते जॉन हाउसमन, म्हणजे वेल्सच्या १९३७ सालच्या प्रयोगातलेच भागीदार. ब्रँडोला ही भूमिका पेलेल का, अशी शंका पुष्कळांना होती. त्याने सगळ्यांना गप्प केले. त्या चित्रपटात एक जागा फार वाखाणली जाते. शोक अनावर झाला म्हणून अँटनी लोकांकडे पाठ फिरवतो. लोकांना त्याची पाठ दिसते, आपल्याला त्याचा चेहरा दिसतो. आणि तो चेहरा लोकांची कुजबुज कान देऊन ऐकत असतो, हिशेब करत असतो.

जागा सुंदर आहे यात वाद नाही. पण आमच्या चित्रपटात ती असणार नाही. त्या एका दृश्याने प्रेक्षकाची सुटका होते. आपण शहाणे, ते खाली उभे असलेले भोळे, असा निवाडा त्याला फुकट मिळतो. चेहरा पाहण्याची ही सवलत रोमच्या नागरिकाला नव्हती, तर ती आम्हांला का असावी? आमचा कॅमेरा मोच्याच्या खांद्याशी उभा राहील. भाषणाचे पहिले शब्द गलक्यात बुडतील, कारण कोणीच ऐकत नाही. मागचा माणूस विचारील, काय म्हणाला? हळूहळू आवाज शांत होत जातील. ब्रूटसला ‘सन्माननीय’ म्हणणारा तो शब्द पहिल्यांदा येईल तेव्हा तो आदराचाच वाटला पाहिजे. तिसऱ्यांदा येईल तेव्हा शेजारचा माणूस मोच्याकडे पाहील. नटाने तो शब्द वाकडा करून दाखवू नये. तो ऐकणाऱ्यांच्या मनात वाकडा व्हावा.

मग अँटनी मृत्युपत्राचा कागद दाखवतो आणि वाचत नाही. खाली उतरतो, सगळ्यांना प्रेताभोवती गोल उभे करतो, आणि सीझरचा झगा हातात धरतो. हा झगा सीझरने पहिल्यांदा कधी घातला ते आपल्याला आठवते, असे तो सांगतो. नर्व्ही टोळ्यांवर विजय मिळवला त्या संध्याकाळी, तंबूत. इतिहासात ती लढाई इसवी सनापूर्वी ५७ सालची, आणि त्या वेळी अँटनी गॉलमध्ये नव्हताच. ते जाऊ द्या. पुढे तो झग्यातले एकेक भोक दाखवून सांगतो की इथून कॅशियसचा खंजीर शिरला, इथून कॅस्काचा, आणि इथून लाडक्या ब्रूटसचा. हे त्याला कोणी सांगितले? खून झाला तेव्हा ट्रेबोनियसने त्याला बोलण्याच्या मिषाने बाहेर नेले होते. प्रेक्षकाने ते पाच मिनिटांपूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. तरीही त्या भोकांकडे पाहताना त्याचा जीव कासावीस व्हायला हवा. झाला, तर चित्रपट जमला. आम्ही कितीतरी वेळा हे भाषण वाचले आहे, आणि प्रत्येक वेळी त्या भोकांवर आम्ही विश्वास ठेवला आहे.

लोक जाळपोळीला निघतात. एवढ्यात अँटनी त्यांना परत बोलावतो: अहो, मृत्युपत्र राहिलेच! ज्याच्यासाठी ते मघाशी एवढे हट्ट धरून बसले होते ते ते विसरून गेले होते. दरडोई पंचाहत्तर द्राक्मा आणि टायबरकाठची बागबगिच्यांची जागा सर्वांना खुली. इतिहासातली बाग नदीच्या पलीकडे होती; शेक्सपिअरने ती अलीकडे आणली, लोकांना तेवढाच पूल वाचला. गर्दी उसळते, सीझरचे प्रेत उचलते, बाके मोडते आणि निघते. तिच्याबरोबर आमचा कॅमेराही निघतो. इथे आम्हांला एक किंमत मोजावी लागते. लोक गेल्यावर अँटनी एकटा उभा राहून, आपण लावलेली आग आता हवी ती वाट घेवो, अशा अर्थाचे एक सुप्रसिद्ध वाक्य बोलतो. कॅमेरा गर्दीत असेल तर ते वाक्य ऐकायला मागे कोणी राहतच नाही. आम्ही ते गाळणार. इंग्रजीचे प्राध्यापक आम्हांला क्षमा करणार नाहीत, पण अँटनीचा हेतू समजण्याची जागा पुढे येते आहे आणि ती अधिक चांगली आहे.

त्याआधी सिना. हेल्व्हियस सिना नावाचा कवी, सीझरचा मित्र. कटातही सिना नावाचा दुसरा एक जण होता. हा कवी घराबाहेर पडतो आणि गर्दी त्याला अडवते. नाव काय, कुठे चाललास, कुठे राहतोस, लग्न झाले आहे की सडाच, असे चार प्रश्न. तो थोडी विनोदी उत्तरे देतो. मग नाव सांगतो. मी कटातला नव्हे, कवी आहे, असे तो जीव तोडून सांगतो, तेव्हा एक जण म्हणतो की मग वाईट कवितांसाठी फाडा. तोच पुढे म्हणतो की नाव तर सिनाच आहे ना, तेवढे याच्या काळजातून उपटून काढा. चाळीसेक ओळींचा हा प्रवेश. १९३७ साली वेल्सच्या प्रयोगात याच प्रवेशाने नाट्यगृह थिजून गेले असे सांगतात. १९५३ सालच्या चित्रपटात तो नाही. निर्माते तेच हाउसमन, आणि तरी नाही! संकलकाच्या टेबलावर या प्रवेशाचा बचाव करणे कठीण असते. यात एकही प्रमुख नट नाही आणि तो काढला तरी कथानक अडत नाही.

आमच्या चित्रपटात तो काढला तर बाकी काही उरत नाही. वीस मिनिटे प्रेक्षक या माणसांत उभा राहिला, त्यांच्याबरोबर त्याने हुंदका दिला, त्यांच्याबरोबर धावत इथवर आला. आता त्याला बाहेर पडायचे आहे, आणि मागून लोक रेटत आहेत. प्रवेश सुरू होतो हसण्याने. मोचीच प्रश्न विचारतो, पहिल्या प्रवेशातल्या त्याच मिस्किलपणे. श्लेष करण्याची खोड त्याची जुनीच. सिनाही हसतो. हसणे केव्हा थांबले ते कोणाला सांगता येऊ नये. प्रहार दाखवायचा नाही. मोच्याच्या कमरेची आरी आपण सुरुवातीपासून पाहत आलो आहोत. ती आता कमरेला नाही, एवढेच दिसावे.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. शेक्सपिअरला सामान्य माणसाचा तिटकारा होता, हे नाटक लोकशाहीची निंदा करते, आणि तुम्ही तर एका गरीब कारागिराच्या हाती खून देऊन त्यात भर घालता, असे कोणी म्हणेल. याला आमचे उत्तर असे, की नाटकात दोन खून आहेत आणि ते शेजारी ठेवून पाहावेत. पहिला सीनेटरांनी केला. त्यांनीही एका माणसाला घेरले, सगळ्यांनी मिळून भोसकले, आणि मग त्याच्या रक्तात हात बुडवले. ब्रूटस म्हणत होता की आपल्याला सीझरचे शरीर नको, सीझरचा आत्मा मारायचा आहे. दुर्दैवाने शरीर वाटेत येते. गर्दी म्हणते, सिनाचे नाव उपटायचे आहे. यात विद्वत्तेखेरीज फरक कोणता? शिवाय या लोकांनी सकाळी काय मागितले होते? त्यांनी कारणे मागितली होती. आम्हांला समाधान द्या, असे म्हणत ते चौकात आले, दोन्ही बाजू ऐकायला दोन गटांत वाटले गेले, शांत राहिले. नागरिकाने याहून काय करायचे असते? त्यांच्याशी एक जण शुष्क खरे बोलून निघून गेला आणि दुसरा रसाळ खोटे बोलत थांबला.

आणि आता ती दुसरी जागा. सिनाच्या प्रवेशाला लागूनच चौथ्या अंकाचा पहिला प्रवेश आहे. गलका एकदम बंद. एक खोली, एक टेबल, तीन माणसे: अँटनी, ऑक्टेव्हियस, लेपिडस. ते मारायच्या माणसांच्या नावांवर खुणा करत आहेत. तुझा भाऊ मेला पाहिजे, असे लेपिडसला सांगितले जाते आणि तो मान्य करतो. त्या बदल्यात अँटनीचा भाचा. अँटनी म्हणतो, हा पाहा, खूण केली. मेणाच्या पाटीवर टोचणीचा बारीक आवाज, बस्स. मग अँटनी लेपिडसला सीझरच्या घरी पाठवतो ते मृत्युपत्र आणायला, कारण त्यातल्या देणग्या कशा कमी करता येतील ते पाहायचे आहे. तेच मृत्युपत्र, तेच पंचाहत्तर द्राक्मा! ही एक ओळ नटाने इतक्या सहज बोलावी की निम्म्या प्रेक्षकांना ती नंतर घरी जाताना आठवावी. अँटनीचा चेहरा आम्ही इथे पहिल्यांदा जवळून दाखवू. लेपिडस दाराबाहेर जातो न जातो तोच अँटनी त्याला ओझ्याचे गाढव म्हणतो.

इतिहासात ही यादी इसवी सनापूर्वी ४३ सालची, आणि तिच्यात सिसेरोचा बळी गेला.

पुढचा भाग बहुतेक दिग्दर्शक उरकतात. आम्हीही लढाईवर पैसा घालवणार नाही. पण तंबूतले ब्रूटस-कॅशियसचे भांडण ठेवणार, कारण ते पैशाचे आहे. कॅशियस लाच खातो म्हणून ब्रूटस त्याला टाकून बोलतो, आणि त्याच दमात विचारतो की मी मागितलेले सोने का पाठवले नाहीस; मला स्वतःला वाईट मार्गाने पैसा गोळा करता येत नाही! इतिहासातल्या ब्रूटसला एवढा संकोच नव्हता. सायप्रसमधल्या सालामिस गावाला त्याने शेकडा अठ्ठेचाळीस दराने कर्ज दिले होते, हे सिसेरोच्या पत्रांतून उघड झाले आहे. असे भांडण कसे वठवावे हे आम्ही २०१२ सालच्या ताव्हियानी बंधूंच्या चित्रपटाकडून शिकू. रोमच्या रेबिब्बिया तुरुंगातल्या कैद्यांनी त्यात हे नाटक केले आहे, प्रत्येकाने आपापल्या प्रांताच्या बोलीत. बर्लिनच्या महोत्सवात त्याला सुवर्ण अस्वल मिळाले. शपथ मोडणे आणि मित्राचा घात हे शब्द ज्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाहीत, अशा माणसांचे ते बोलणे आहे.

फिलिपीच्या रणांगणावर कॅशियसचा शेवट होतो तोही एका गलक्यामुळे. त्याची नजर अधू. म्हणून तो पिंडारसला टेकडीवर चढवून पाहायला सांगतो. टिटिनियसला घोडेस्वारांनी वेढले, लोक ओरडत आहेत, असे पिंडारस वरून सांगतो. मित्र पकडला गेला, अशी समजूत होऊन कॅशियस जीव देतो. वस्तुतः ते आपलेच लोक होते आणि तो जयघोष होता. चित्रपटाला टेकडीपलीकडे जाऊन सत्य दाखवणे किती सोपे! पण मुकुटाच्या वेळी भिंतीपलीकडे न गेलेला कॅमेरा इथेही कॅशियसपाशीच राहील आणि दुरून येणारा आवाज ऐकेल.

शेवटी नावाविषयी. सीझर हे एका घराण्याचे आडनाव. त्याचा जर्मनीत कैसर झाला, रशियात झार झाला, आणि अरबी-फारसीच्या वाटेने ते आपल्याकडे येऊन पोचले. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीची ‘कैसर-इ-हिंद’ म्हणून द्वाही फिरली. त्याच नावाचे पदक गांधीजींनी १९२० साली सरकारला परत केले. तेहतीस जखमांनी हे नाव मेले नाही. ते पुढे कसे गेले हे शेक्सपिअरने पाचव्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात दाखवले आहे, आणि तिथे आमचा शेवटून दुसरा प्रसंग आहे. लढाईच्या तोंडावर अँटनी सांगतो, ऑक्टेव्हियस, तू डावी बाजू सांभाळ. नुकतीच एकवीस वर्षे पूर्ण केलेला तो मुलगा म्हणतो, उजवी मी घेणार, डावी तू घे. अशा वेळी का आडवा येतोस, असे अँटनी विचारतो. मी आडवा येत नाही, पण असेच करणार, असे शांत उत्तर मिळते. समोरून शत्रू बोलणी करायला पुढे येतो. चढाईची खूण द्यायची का, असे मुलगा विचारतो. अँटनी घाईत आहे, त्याचे लक्ष शत्रूकडे आहे. तो ‘नको’ म्हणतो, आणि मघाशी ज्याला ऑक्टेव्हियस म्हटले त्याला आता नुसते ‘सीझर’ म्हणतो. त्या शब्दावर पार्श्वसंगीत द्यायचे नाही. मागे, सैनिकांच्या तिसऱ्या-चौथ्या रांगेत, भरती झालेला आमचा मोची उभा असेल; त्याच्या पायांतले जोडे चांगले असतील.